१५ दिवसांत क्लायंटची वेबसाइट नव्याने: मोजणीपासून लाइव्हपर्यंत

‘फक्त लूक बदलायचाय, बाकी सगळं तेच राहू दे.’ रीडिझाइनची बहुतेक कामं या एका वाक्याने सुरू होतात. पाठोपाठ तारीख येते. कुठे प्रदर्शन असतं, कुठे नवा ब्रँड जाहीर व्हायचा असतो, कुठे जुनं होस्टिंग संपत असतं. ती तारीख हलणार नसते. क्लायंटला लवकर काहीतरी दाखवायचं म्हणून आपला हात फिग्माकडे, म्हणजे डिझाइनच्या साधनाकडे, जातो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कारण खरं काम ‘लूक’मध्ये कमी आणि ‘बाकी सगळं तेच’मध्ये जास्त असतं. जुनी साइट रोज गुपचूप काय काय करते, हे बऱ्याचदा क्लायंटलाही पुरतं ठाऊक नसतं.

हे मी एका फॉर्ममुळे शिकले. सेवा देणाऱ्या एका कंपनीची साइट होती. संपर्काच्या फॉर्ममध्ये ‘विषय’ नावाचा ड्रॉपडाउन होता, त्यात चार पर्याय. मला तो उगाच वाटला. फॉर्म सुटसुटीत होईल, मोबाइलवर भरायला सोपा जाईल, म्हणून मी तो काढून टाकला. क्लायंटलाही ते आवडलं. लाइव्ह होऊन सहा दिवस झाले आणि फोन आला: तक्रारी यायच्याच बंद झाल्यात, असं कसं? तो ड्रॉपडाउन वरवर विषय विचारत होता, पण मेल कोणाकडे जायचा हे आतून तोच ठरवत होता. ‘तक्रार’ निवडलं की एका पत्त्यावर, ‘नवीन चौकशी’ निवडलं की दुसऱ्या. मी तो काढल्यापासून सगळे मेल पहिल्या पर्यायाच्या पत्त्यावर साचत होते, आणि तो पत्ता ज्यांचा, त्या बाई रजेवर होत्या. सहा दिवस लोकांनी लिहिलं आणि कोणीच वाचलं नाही. त्या फॉर्मच्या डिझाइनचं मात्र सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

तेव्हापासून मी कामाचा क्रम बदलला. पुढे दिलेला क्रम कामाचे १५ दिवस, ३० ते ६० पानांची साइट आणि दोन-तीन जणांची टीम असं धरून लिहिला आहे. तुमच्याकडे १० च दिवस असतील तर डिझाइनचे दिवस कापा, मोजणीचे कापू नका.

पहिले दोन दिवस: नुसती मोजणी

सगळ्यात आधी जुन्या साइटवरच्या सगळ्या पत्त्यांची यादी हवी. स्क्रीमिंग फ्रॉगसारखं क्रॉलर, म्हणजे साइटवरची पानं गोळा करणारं साधन, चालवा. त्याची मोफत आवृत्ती ५०० यूआरएलपर्यंत, म्हणजे ५०० पत्त्यांपर्यंत, चालते, एवढ्या साइटला ती सहसा पुरते. पण क्रॉलर लिंकवरून लिंकवर जातो. ज्या पानाला साइटवरून लिंकच नाही, ते त्याला सापडत नाही. जुन्या जाहिरातीसाठी केलेलं पान, कोणाला मेलने पाठवलेली पीडीएफ, छापील पत्रकावरच्या क्यूआर कोडमागचा पत्ता, हे सगळं असंच निसटतं. म्हणून त्या यादीत आणखी तीन याद्या मिसळा: साइटमॅप (सर्च इंजिनांसाठी केलेली पानांची यादी), अ‍ॅनालिटिक्समधली लँडिंग पानं (लोक बाहेरून थेट उतरतात ती) आणि गूगल शोधातले आकडे दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमधली पानं. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती ठेवतं. सगळा काळ निवडून ती उतरवून घ्या. वर्षातून एकदाच चालणारं एखादं पान तीन महिन्यांच्या आकड्यांत दिसतच नाही.

सगळं एका शीटमध्ये आणा, दुहेरी ओळी काढा आणि प्रत्येक पत्त्यासमोर एक निर्णय लिहा: ठेवायचं, दुसऱ्या पानात मिसळायचं किंवा काढायचं. शेजारी आणखी एक रकाना करा, हे पान कोण मंजूर करणार. हा रकाना रिकामा राहिला, तर शेवटच्या आठवड्यात त्या पानावर तीन जण तीन मतं घेऊन येतात.

मग साइट काय करते ते बघा. प्रत्येक फॉर्म स्वतः भरा, त्यातला प्रत्येक पर्याय निवडून भरा, आणि मेल कोणाच्या इनबॉक्समध्ये पडला ते क्लायंटला फोनवर विचारा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडून पान नव्याने लोड करा. बाहेरच्या कोणकोणत्या डोमेनवरून काय येतंय, ते तिथे दिसतं: चॅट, पेमेंट, बुकिंग, वार्तापत्र, ट्रॅकिंग. यातलं प्रत्येक कोण वापरतं, ते विचारा. ‘ते बहुतेक बंदच आहे’ या उत्तरावर विसंबू नका. कोणीतरी महिन्याला एकदा त्यातून अहवाल काढत असतो.

याच दोन दिवसांत लॉगिन मिळवायचे. डोमेन रजिस्ट्रार (जिथे डोमेन विकत घेतलं ती कंपनी), डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरवर न्यायचं त्या नोंदी), होस्टिंग, सीएमएस (मजकूर भरायची प्रणाली), अ‍ॅनालिटिक्स, सर्च कन्सोल, मेलची सेवा. ‘आहेत आमच्याकडे’ हे उत्तर पुरत नाही. प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष आत शिरून बघा. डोमेनचं खातं कधीच सोडून गेलेल्या डेव्हलपरच्या वैयक्तिक मेलवर आहे, असं निघतं. ते सोडवायला रजिस्ट्रारशी पत्रव्यवहार आणि काही दिवस लागतात. पहिल्या दिवशी कळलं तर निभावतं. चौदाव्या दिवशी कळलं तर तारीखच हुकते.

आणि बॅकअप. फाइल्सही घ्या, डेटाबेसही घ्या, आणि तो बॅकअप स्टेजिंगवर, म्हणजे लोकांना न दिसणाऱ्या चाचणीच्या जागेवर, चढवून साइट उभी राहते का ते बघा. उघडून न पाहिलेल्या झिप फाइलवर मी काम सुरू करत नाही. हे केलं की स्टेजिंगही आयतंच तयार होतं.

तिसरा दिवस: एका पानाचा करार

मोठा प्रस्ताव कोणी वाचत नाही. एक पान लिहा. तारखेपर्यंत काय होईल, तारखेनंतर काय होईल, अंतिम निर्णय कोण घेईल, बदलांच्या किती फेऱ्या असतील, मजकूर केव्हापर्यंत यायला हवा आणि नाही आला तर काय करायचं. क्लायंटकडून यावर मेलने ‘मान्य’ एवढा शब्द आला की पुढे.

कामाची व्याप्ती ठरवताना मी एकच प्रश्न विचारते: त्या तारखेला साइटवर आलेल्या माणसाला कोणत्या तीन गोष्टी करता आल्याच पाहिजेत? लोक सुरुवातीला दहा सांगतात. थोडं थांबलं की तीनवर येतात. उरलेल्या सात ‘दुसरा टप्पा’ नावाच्या फाइलमध्ये जातात. ही फाइल क्लायंटला कायम दिसली पाहिजे आणि दुसऱ्या टप्प्याची तारीख तिच्यावर लिहिलेली असली पाहिजे. तारीख नसेल तर क्लायंट ‘दुसरा टप्पा’ म्हणजे ‘कधीच नाही’ असं वाचतो, आणि मग प्रत्येक गोष्ट पहिल्या टप्प्यात कोंबायला बघतो. तारीख असली की ‘तेवढं एक करून द्या ना’ याला नकार द्यावा लागत नाही. फाइल उघडायची आणि त्याच्यासमोर ओळ लिहायची.

निर्णय घेणारी व्यक्ती एकच हवी. बाकीच्यांनी मतं द्यावीत, पण ती त्या एका व्यक्तीकडे. आपल्याकडे येताना मतं आधीच जुळवलेली असली पाहिजेत.

आता या मुदतीत काय करायचं नाही ते. नवं डिझाइन, नवं सीएमएस, नवे यूआरएल, नवं होस्टिंग आणि नवं डोमेन, हे सगळं एकदम करू नका. तीन आठवड्यांनी चौकशा कमी झाल्या तर कशामुळे झाल्या, हे कोणालाच सांगता येणार नाही. घाईत फक्त डिझाइन आणि टेम्प्लेट बदला, बाकी शक्य तितकं जागच्या जागी राहू द्या. होस्टिंग संपत असल्यामुळेच काम निघालं असेल, तर आधी जुनी साइट आहे तशी नव्या होस्टिंगवर न्या आणि मग डिझाइनला हात घाला. काम दुप्पट होतंय असं वाटतं, पण तारखेचा गळफास सुटतो.

पैशांचे टप्पे ‘लाइव्ह झाल्यावर’ या शब्दांना बांधू नका, तारखांना बांधा. क्लायंटकडून मजकूर अडकला तर तुमचे पैसे त्याबरोबर अडकता कामा नयेत.

मजकूर: उशीर इथेच होतो

माझ्या अनुभवात डिझाइनमुळे लांबलेली साइट क्वचित सापडते. लांबते ती मजकुरामुळे. क्लायंटला वाटतं, लिहायला काय लागतं, दोन तासांत होईल. मग त्या दोन तासांना दोन आठवडे मुहूर्त मिळत नाही.

यावर एक उपाय मला लागू पडला आहे. करारातच लिहायचं: अमुक तारखेपर्यंत नवा मजकूर आला नाही, तर जुनाच मजकूर नव्या डिझाइनमध्ये जाईल. धमकी म्हणून लिहायचं नाही, सोय म्हणून लिहायचं. काम थांबत नाही आणि क्लायंटही निर्धास्त होतो. नवा मजकूर नंतर कधीही घालता येतोच.

मजकूर मागताना ‘पानांचा मजकूर पाठवा’ असं म्हणू नका. प्रत्येक पानासाठी वेगळी फाइल द्या आणि तिच्यात रकाने असू द्या: शीर्षक (आठ शब्दांपर्यंत), पहिला परिच्छेद (६० शब्दांपर्यंत), ही सेवा कोणासाठी आहे, ग्राहक फोनवर हमखास विचारतो ते तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं. शेवटच्या रकान्यात सोनं सापडतं. रोज फोन उचलणाऱ्या माणसाकडून तो भरून घ्या. साहेबांच्या भाषणापेक्षा त्याची चार वाक्यं साइटवर जास्त उपयोगी पडतात.

आणि डिझाइनमध्ये खोटा मजकूर वापरू नका. घाई असतानाच हे जास्त पाळायला हवं. ‘आमच्याविषयी’च्या पानावर मी एकदा तीन ओळींचा चौकोन आखला होता. खरा मजकूर आला तो तीन परिच्छेद, दोन प्रमाणपत्रं आणि संचालकांपैकी एकाचा फोटोच नाही, असा. ते पान सगळं पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून डिझाइन सुरू करण्याआधी मी जुन्या साइटवरून तीन गोष्टी उचलते: सगळ्यात लांब नाव, सगळ्यात छोटं नाव आणि फोटो नसलेली नोंद. चौकट या तिन्हींना पुरली की बाकीच्यांना पुरते.

डिझाइनचे चार दिवस

पानं मोजू नका, पानांचे प्रकार मोजा. ४० पानांच्या साइटमध्ये प्रकार साधारण पाच-सहा निघतात: मुखपृष्ठ, यादी, तपशील, लेख, संपर्क, साधं मजकुराचं पान. डिझाइन तेवढ्यांचंच करायचं.

मुखपृष्ठापासून सुरुवात करायचा मोह टाळा. त्यावर सगळ्यांची मतं असतात, त्यामुळे ते सगळ्यात जास्त दिवस खातं. शीटमध्ये बघा, लोक बाहेरून थेट कोणत्या प्रकारच्या पानावर उतरतात. बहुतेक वेळा ते सेवेचं किंवा उत्पादनाचं तपशिलाचं पान असतं. ते आधी करा, मोबाइलच्या रुंदीत करा. अक्षरांचे आकार, बटणं, रंग, अंतरं यांचे निर्णय तिथे खऱ्या मजकुरावर होतात आणि मुखपृष्ठ त्यातून पटकन जुळून येतं.

डिझाइन मेलने पाठवून मोकळे होऊ नका. कॉलवर दाखवा. ‘आवडलं का?’ हा प्रश्न अजिबात विचारू नका. त्यावर येणारं उत्तर रंगांबद्दलच असतं. ‘तुमच्या ग्राहकाला चौकशी करायची आहे, तो इथून पुढे कुठे जाईल?’ असं विचारा आणि गप्प बसा. क्लायंट स्वतः बोट ठेवून सांगायला लागतो, आणि कुठे अडखळतो तेही तुम्हाला दिसतं. कॉल संपल्यावर ठरलेले बदल त्याच दिवशी एका फाइलमध्ये लिहून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले बदलही त्याच फाइलमध्ये चढवा. चार ठिकाणी विखुरलेल्या सूचनांमधली एक तरी राहूनच जाते.

काही मोजमापं आधीच पाळली की नंतरचं काम वाचतं. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांच्या एए पातळीप्रमाणे साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. ब्रँडचा पिवळा किंवा फिकट नारिंगी घेऊन त्यावर पांढरी अक्षरं टाकली की हे हमखास चुकतं. तो रंग पट्टीला ठेवा आणि अक्षरं गडद घ्या. २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत बोटाने दाबायच्या जागेला किमान २४ गुणिले २४ पिक्सेल सांगितले आहेत. मी बटणं ४४ च्या आसपास ठेवते, धावत्या गाडीत एका हाताने फोन धरलेल्या माणसासाठी. फॉर्मच्या खान्यांतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, नाहीतर आयफोनवरची सफारी खान्यात बोट ठेवताच पान झूम करते.

साइट देवनागरीतही असेल तर ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवू नका. वेलांट्या, रफार, उकार यांना वर-खाली जागा लागते. बटणाची उंची पक्की बांधली असेल तर अक्षरांचे शेंडे कापले जातात. पानाच्या लँग (lang) गुणधर्मात मराठीसाठी एमआर (mr) लिहायला विसरू नका. काही फाँट त्यावरूनच ल आणि श यांची मराठी वळणं निवडतात, शिवाय मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही भाषा कळते.

बांधणी

नवं साधन शिकायची ही वेळ नाही. हात बसलेलं साधन वापरा, भले ते जुनाट का असेना.

स्टेजिंगला पासवर्ड लावा. नुसत्या नोइंडेक्सवर, म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’ या खुणेवर, विसंबू नका. आणि एक बारकावा: बॉटने कुठे जायचं नाही ते सांगणाऱ्या रोबोट्स फाइलने पान अडवलं, तर गूगलचा बॉट त्या पानापर्यंत पोचतच नाही आणि त्यावरचा नोइंडेक्स त्याला दिसत नाही. दोन्ही एकदम लावून दुप्पट संरक्षण मिळत नाही. पासवर्ड असला की हा गुंताच राहत नाही.

साइट वर्डप्रेस या सीएमएसवर असेल तर लाइव्हची प्रत स्टेजिंगवर घेऊन तिथे नवी थीम (डिझाइनचा साचा) चढवणं हा सरळ मार्ग. पण प्रत घेतल्या क्षणापासून दोन साइट वेगळ्या वाटेने जायला लागतात. क्लायंट जुन्या साइटवर बातम्या टाकत राहतो. त्यामुळे एक तारीख ठरवा, त्यानंतर जुन्या साइटवर मजकूर बदलायचा नाही. ऑर्डर किंवा नोंदणी घेणाऱ्या साइटवर तर जास्तच जपायला हवं. स्टेजिंगचा डेटाबेस जसाच्या तसा लाइव्हवर चढवला, तर मधल्या दिवसांत आलेल्या ऑर्डरी पुसल्या जातात. तिथे फक्त थीम, प्लगइन आणि सेटिंग्ज हलवा, ऑर्डरींच्या टेबलांना हात लावू नका.

डेटाबेसमधला स्टेजिंगचा पत्ता बदलून लाइव्हचा घालताना साधं शोधा-आणि-बदला चालवू नका. वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग्ज सिरिअलाइज करून साठवतं, म्हणजे प्रत्येक मजकुरासोबत त्याची लांबीही लिहिलेली असते. पत्ता बदलला की लांबी बदलते, लिहिलेला आकडा जुनाच राहतो, आणि विजेट किंवा थीमच्या सेटिंग्ज रिकाम्या दिसायला लागतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा लांबीचे आकडेही दुरुस्त करते. आधी तिला ड्राय-रनवर, म्हणजे काहीही न बदलता, चालवून किती ठिकाणी बदल होणार ते पाहा.

वेगासाठी गूगलच्या तीन मर्यादा लक्षात ठेवा: मुख्य घटक २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलीसेकंदांत मिळावा आणि लेआउट हलण्याचा अंक ०.१ च्या आत राहावा. प्रतिसादाचं आयएनपी हे माप मार्च २०२४ पासून जुन्या एफआयडीच्या जागी आलं आहे. या मर्यादा दर चार भेटींपैकी तीनमध्ये पाळल्या जायला हव्यात, आणि मोजमाप खऱ्या लोकांच्या फोनवर होतं, तुमच्या लॅपटॉपवर नाही. कमी वेळात सगळ्यात जास्त फरक पाडणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. वरचं मोठं चित्र वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये आणा आणि त्याला लेझी लोडिंग (गरज पडल्यावरच चित्र उतरवणं) लावू नका. प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहा. फाँटची दोनच वजनं वापरा. आणि फिरता स्लायडर काढून टाका. स्लायडरसाठी क्लायंट हट्ट धरतात, त्यांना अ‍ॅनालिटिक्समध्ये दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवरचे क्लिक दाखवा. नोंद नसेल तर मोजणीच्या दिवशीच ती चालू करून ठेवा, आठवडाभरात आकडे हातात येतात.

जुने पत्ते कुठे नेणार?

या भागाकडे घाईत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि त्याची किंमत पुढे महिनोन्‌महिने मोजावी लागते. वर्षानुवर्षं लोकांनी जतन केलेल्या, मेलमध्ये चिकटवलेल्या, दुसऱ्या साइटवर दिलेल्या लिंक जुन्या पत्त्यांवर येत असतात. पत्ते न बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. ‘सर्व्हिसेस’ऐवजी ‘सोल्युशन्स’ हवं असेल तर मेनूतला शब्द बदला, यूआरएल तोच राहू द्या.

बदलावेच लागले, तर पहिल्या दिवसाच्या शीटमध्ये जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहा. एकास एक. काढलेल्या पानासाठी विषयाने सगळ्यात जवळचं पान शोधा. जवळचं काहीच नसेल तर ४०४ (‘पान सापडलं नाही’) येऊ द्या, पण ते पान नीट करा: शोधाची चौकट आणि मुख्य तीन-चार दुवे. सगळेच जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवायची पळवाट काढू नका. गूगल तसल्या रिडायरेक्टना, म्हणजे वळवलेल्या पत्त्यांना, सॉफ्ट ४०४ (नसल्यातच जमा असलेलं पान) समजू शकतं. आणि माणसाचं म्हणाल, तर तो एखाद्या यंत्राचं माहितीपत्रक शोधत आला होता आणि तुम्ही त्याला दारातच आणून सोडलंत.

रिडायरेक्ट ३०१ चा ठेवा, कारण बदल कायमचा आहे. ३०२ तात्पुरत्या बदलासाठी असतो. साखळ्या करू नका. पूर्वीच्या रीडिझाइनमधले रिडायरेक्ट असतील, तर त्यांची टोकंही थेट नव्या पत्त्यावर न्या. पीडीएफ आणि महत्त्वाची चित्रं विसरू नका. तपासायला सोपी युक्ती आहे: जुन्या पत्त्यांची यादी क्रॉलरच्या लिस्ट मोडमध्ये टाका आणि मुद्दाम ४०४ ठेवलेले सोडून प्रत्येकाचा शेवट २०० वर, म्हणजे पान नीट उघडल्याच्या कोडवर, होतो का ते पाहा. लाइव्ह झाल्यावर पहिल्या तासात हेच पुन्हा चालवायचं. हे रिडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवा असं गूगल सांगतं. मी काढतच नाही.

शेवटची तपासणी

तपासणीला दोन दिवस ठेवा आणि ते कशालाही देऊ नका. खरे फोन हातात घ्या, त्यात एक जुना आणि स्वस्तातला असावा. वाय-फाय बंद करा. ज्याने ही साइट कधीच पाहिली नाही अशा एका माणसाला करारातल्या त्या तीन गोष्टी करायला सांगा आणि शेजारी बसून फक्त बघा. त्याला मदत करायचा मोह होतो. तो आवरा.

फॉर्म पुन्हा सगळे भरा, प्रत्येक पर्यायाने, बाहेरच्या मेलवरून. मेल स्पॅममध्ये गेला का पाहा. फॉर्मचा मेल पाठवणारा पत्ता क्लायंटच्याच डोमेनचा हवा. भेट देणाऱ्याचा पत्ता ‘उत्तर द्या’च्या जागी घाला. पाठवणाऱ्याच्या जागी घातला तर पाठवणारा खरा आहे का हे बघणाऱ्या एसपीएफ आणि डीएमएआरसीच्या तपासणीत मेल अडकतो. मग माऊस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब कळीने फॉर्मच्या शेवटापर्यंत पोचता येतं का ते करून बघा.

सापडलेल्या चुकांची यादी दोनच भागांत करा: लाइव्ह अडवणाऱ्या आणि न अडवणाऱ्या. तीन-चार पातळ्यांची वर्गवारी करत बसलं की सगळ्याच चुका ‘मध्यम’ होऊन जातात.

लाइव्हचा दिवस

मंगळवार किंवा बुधवार, सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी नको. काही बिघडलं तर होस्टिंगवाले, क्लायंट आणि तुम्ही, तिघंही जागेवर असायला हवेत. शक्य असेल तर जाहीर केलेल्या तारखेच्या दोन दिवस आधीच लाइव्ह करा.

सर्व्हर बदलत असेल तर डीएनएसचा टीटीएल (उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा) आधीच ३०० सेकंदांवर आणा. तो ८६४०० असेल, तर जुनं उत्तर लोकांच्या नेटवर्कमध्ये २४ तास टिकतं. म्हणून हा बदल किमान एक दिवस आधी करायचा, ऐन वेळी केला तर काही उपयोग नाही. नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलू नका, फक्त लागतील तेवढ्या नोंदी बदला. नेमसर्व्हर बदलला आणि मेलसाठी लागणाऱ्या एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी नव्या जागी भरायच्या राहिल्या, की साइट झकास चालते आणि ऑफिसचे मेल बंद पडतात. डोमेन कोणत्या सर्व्हरवर न्यायचं ते सांगणाऱ्या ए नोंदीसोबत एएएए नोंदही आहे का पाहा. ती आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या सर्व्हर-पत्त्यांसाठी असते. ती जुनीच राहिली तर काही लोकांना नवी साइट दिसते आणि काहींना जुनी, आणि तुमच्या मशीनवर सगळं बरोबर दिसत असल्याने कारण लवकर सापडत नाही.

साइट वर आली की मी ठरलेल्या क्रमाने जाते, कागदावर टिक करत. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र दोन्ही पत्त्यांवर, तीन डब्ल्यूंसह आणि त्यांच्याशिवाय, चालतंय का. लेट्स एनक्रिप्ट या मोफत सेवेचं असेल तर आपोआप नूतनीकरण लावलंय का, नेहमीच्या प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांचीच असते. नोइंडेक्स निघाला का. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या रीडिंग विभागात सर्च इंजिनांना परावृत्त करणारी एक खूण असते, ती काढायची. रोबोट्स फाइलमध्ये पूर्ण साइट अडवणारी ओळ उरली नाही ना. कॅनॉनिकल पत्ते (सर्च इंजिनांना सांगितलेले पानांचे मूळ पत्ते) स्टेजिंगकडे बोट दाखवत नाहीत ना. मग रिडायरेक्ट, फॉर्म, एक खरं पेमेंट करून ते परत घेणं, ट्रॅकिंगची नोंद, शेअर केल्यावर दिसणारं चित्र. शेवटी सर्च कन्सोलमध्ये नवा साइटमॅप.

मागे फिरायचं कधी, हे आदल्या दिवशीच लिहून ठेवा: कोणती चूक निघाली तर जुनी साइट परत लावायची, ते कोण ठरवणार, आणि किती वाजेपर्यंत. फोन खणखणत असताना हे ठरवता येत नाही.

त्यानंतरचे दिवस

पहिला आठवडाभर रोज सकाळी ४०४ ची नोंद उघडा. चौदा दिवस शोधूनही न सापडलेले पत्ते आता लोकच आणून देतात. प्रत्येकाला त्याच दिवशी वाट करून द्या. शोधातली क्रमवारी काही आठवडे खालीवर होऊ शकते, हे क्लायंटला लाइव्हच्या आधीच सांगून ठेवलेलं बरं. जे काम तो स्वतः करणार आहे, म्हणजे बातमी टाकणं, फोटो बदलणं, त्याची पाच मिनिटांची स्क्रीन रेकॉर्डिंग त्याच्याच साइटवर करून द्या.

आणि दुसऱ्याच दिवशी फोन उचलणाऱ्या, मेल वाचणाऱ्या माणसांशी बोला. साहेबांशी बोलून भागत नाही. ‘पूर्वी यायचं आणि आता येत नाही, असं काही आहे का?’ एवढंच विचारा. माझ्या त्या ड्रॉपडाउनचं उत्तर या प्रश्नावर दोन दिवसांत मिळालं असतं, कोणीतरी तक्रार करेपर्यंत थांबावं लागलं नसतं. जुनं होस्टिंग महिनाभर तरी बंद करू देऊ नका. बंद करायच्या आदल्या दिवशी त्याच्या पॅनेलमध्ये मेलचे खाते कोणते आहेत ते उघडून बघा, आणि त्यातल्या एखाद्यात अजून मेल येत असतील तर ते कोणाचं आहे, हे सापडेपर्यंत हात लावू नका.